भिंगार : स्थलनामे व मार्गनामे

महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) शहराच्या पूर्वेस, भुईकोट किल्ल्यापलीकडे वसलेले जुने गाव आणि लष्करी छावणीची नागरी वस्ती. शहराचा पाया घातला जाण्यापूर्वीपासून भिंगार नांदते होते. म्हणून या परिसरातील पेठा, वेशी, चौक व रस्ते यांच्या नावांचा मागोवा घेऊ पाहणाऱ्यास शहराकडून भिंगारकडे नव्हे, तर भिंगारकडून शहराकडे यावे लागते.

२८ मे १४९० रोजी निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने बहमनी सरदार जहांगीरखान याच्या फौजेचा भिंगारनजीक पराभव केला, विजयाच्या जागी बाग निजाम ही बाग व वाडा उठविला, आणि १४९४ पासून सीना नदीच्या डाव्या तीरी नवे शहर वसवून त्यास स्वतःचे नाव दिले. बागेच्या जागी पुढे हुसेन निजामशहाने दगडी कोट बांधला आणि ‘बाग निजाम’ हे नाव बखरीपुरते उरले. सत्ताधीशाने हुकुमाने दिलेले नाव आणि रहिवाशांच्या वहिवाटीने रूढ झालेले नाव असे दोन प्रवाह येथे तेव्हापासून शेजारीशेजारी वाहत आले. भिंगारजवळचे आलमगीर हे स्थान पहिल्या प्रवाहातले होय : औरंगजेबाचा अंत १७०७ मध्ये येथील छावणीत झाला, त्याचे दफन खुलताबादेस झाले, परंतु त्याचा किताब मात्र या जागेस कायमचा चिकटला.

दुसऱ्या प्रवाहातील नावे संख्येने अधिक असून त्यांच्यामागे कोणतेही फर्मान नाही. शहराच्या तटबंदीच्या वेशींना, ज्या गावाकडे वा मुलखाकडे वाट जाते त्याचे नाव मिळे. नेप्ती गावाकडील ती नेप्ती वेस, उत्तरेच्या रस्त्यावरचा तो दिल्ली दरवाजा. तट बव्हंशी नाहीसा झाला, तरी दिल्ली दरवाजा व माळीवाडा वेस आजही उभ्या आहेत. आतल्या वस्तीला धंद्याची नावे पडली : दाळमंडई, आडते बाजार, कापड बाजार, तोफखाना. तेलीखुंट व रामचंद्र खुंट या नावांतील ‘खुंट’ म्हणजे रस्ते मिळतात ती जागा. परगावच्या माणसाला तो शब्द अडतो, नगरकर मात्र पत्ता सांगताना त्यावाचून पुढे जात नाही. भिंगारचे स्वतःचे नावही शहराच्या पेठेत भिंगारवाला चौकाच्या रूपाने उमटले आहे.

इंग्रजांनी १८०३ मध्ये किल्ला घेतला. त्यानंतर कॅम्पाची परिभाषा आली आणि छावणीच्या रीतीप्रमाणे भिंगारलाही सदर बाजार लाभला. पलटणींच्या निवासावरून ‘लाइन’ हा शब्द वस्तीच्या नावांत शिरला, तो विजय लाइनसारख्या नावात स्वातंत्र्यानंतरही टिकला. त्याच्या शेजारी गावठाणातल्या गवळीवाडा, ब्राह्मण गल्ली यांसारख्या जुन्या आळ्यांची नावे चालू राहिली. एकाच पत्त्यात फारसी, इंग्रजी व मराठी अशी तिन्ही राजवटींची लिपी वाचता यावी, अशी ठिकाणे जिल्ह्यात फारशी नाहीत.

स्वातंत्र्योत्तर काळात नामांतराची प्रेरणा बदलली. पुण्याच्या छावणीतील मेन स्ट्रीट महात्मा गांधी रस्ता झाला, तसाच नगरचा कापड बाजारही दप्तरी महात्मा गांधी रस्ता झाला. दुकानाच्या पाटीवर दोन्ही नावे एकापुढे एक लिहिलेली दिसतात, आणि गिऱ्हाईक विचारते ते कापड बाजार. पुण्यात त्याच्या बऱ्याच आधी विसापूर, मुर्तजाबाद, मलकापूर ही पेठांची पूर्वनामे मागे पडून शुक्रवार, शनिवार, रविवार ही वारनामे जिभेवर बसली. ती व्यवहारास सोपी होती हे त्यांच्या यशाचे कारण दिसते. कापड बाजारास हरविणे त्यामानाने कठीण, कारण ते नाव म्हणजे त्या रस्त्यावर रोज चालणारा व्यवहारच होय.

याहून वेगळ्या व गंभीर कारणाने झालेला बदल म्हणजे राज्य शासनाचा डिसेंबर २०२० मधील निर्णय. त्यान्वये महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा यांसारखी जातिवाचक वस्तीनामे रद्द करून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचे ठरले. जे नाव रहिवाशाला पत्ता सांगताना खाली मान घालावयास लावते, ते कितीही जुने असले तरी इतिहास म्हणून जपण्याजोगे नाही, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. परंतु ते नाव पाटीवरून उतरविणे आणि दप्तरातून खोडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नगर भूमापनाच्या नोंदवहीत नव्या नावापुढे पूर्वनाम व ठरावाची तारीख राहिली नाही, तर शंभर वर्षांपूर्वीचे खरेदीखत वा वारसाचा दाखला घेऊन येणाऱ्यास ती मिळकत नेमकी कोठली हे उमगणे दुरापास्त होते. आणि हा त्रास सर्वाधिक पोचतो तो ज्यांच्याजवळ कागद मुळातच थोडे, त्यांना.

मंत्रिमंडळाने १३ मार्च २०२४ रोजी अहमदनगरचे नाव अहिल्यानगर करण्यास मान्यता दिली. अहिल्याबाई होळकर यांचा जन्म १७२५ मध्ये याच जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात, चौंडी येथे झाला होता. त्या निर्णयाने शहराचे नाव बदलले. गल्ल्यांची नावे त्याच्या कक्षेत येत नाहीत. रस्त्यास नाव देण्याचा अधिकार शहरात महापालिकेचा व छावणीच्या हद्दीत छावणी मंडळाचा असल्याने, किल्ल्यावरून भिंगारात जाणाऱ्या एकाच वाटेची दोन टोके दोन स्वतंत्र ठरावांनी दोन नावे धारण करू शकतात.