फोटोच्या पाठीमागं काय लिहिलंय?

दिवाळीच्या साफसफाईत ट्रंकेत एक फोटो सापडला. सास्तूरच्या मामांचा पडलेला वाडा. दगडांचा ढीग आणि त्यातून वर आलेली एक तुळई, बाकी काही नाही. मागं निळ्या शाईत मामांचं अक्षर : ४-१०-९३, वेशीकडून. ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री, भूकंप झाला त्याला चार दिवस झाले होते. मागं हे एवढं लिहिलं नसतं तर तो ढीग कुणाच्याही वाड्याचा म्हणून खपला असता.

फोटोवर अशी नोंद ठेवायची रीत जुनी आहे. आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता, तेव्हा दरबारी फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांच्या स्टुडिओत निगेटिव्हवरच नंबर टाकत. नंतर गावोगावच्या स्टुडिओंचे शिक्के आले, मग कोपऱ्यात नारंगी तारीख छापणारे कॅमेरे.

मोबाइलच्या फोटोला पाठ नसते असं आपण समजतो. असते, फक्त दिसत नाही. १९९५ साली जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेनं 'एक्झिफ' नावाची पद्धत ठरवली. फोटोच्या फाइलमध्येच एक छोटा कप्पा : कॅमेरा कोणता, तारीख, सेकंदापर्यंत वेळ. पुढच्या आवृत्तीत ठिकाणासाठीही जागा आली. तेव्हा त्याची भीती नव्हती. सामान्य माणसाला मिळणारं जीपीएस अमेरिका मुद्दाम अंधुक ठेवायची, शंभरेक मीटरची चूक ठरलेली. मे २००० मध्ये तो प्रकार बंद झाला, काही वर्षांत जीपीएस खिशातल्या फोनमध्ये आलं, आणि अंगणात काढलेल्या फोटोच्या मागं घराचा पत्ता आपोआप लिहिला जाऊ लागला.

याचा गाजलेला किस्सा डिसेंबर २०१२ चा. अँटीव्हायरसवाले जॉन मॅकअफी बेलीझ देशातून पळाले होते, पोलिसांना त्यांची चौकशी करायची होती. सोबतच्या पत्रकारांच्या 'व्हाइस' मासिकानं त्यांचा फोटो टाकला आणि कप्पा पुसायला विसरले. लोकांनी आकडे काढून दाखवले : माणूस ग्वाटेमालात आहे! दोन दिवसांत अटक.

म्हणून पुसायची सोय झाली. फिल हार्वे यांचं 'एक्झिफटूल' २००३ पासून फुकट मिळतं. विंडोजमध्ये फोटोच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्सखाली पुसायची ओळ असते. आयफोनवर शेअर करताना वर 'ऑप्शन्स'मध्ये लोकेशन बंद करता येतं. काहीच जमत नसेल तर स्क्रीनशॉट पाठवा, मूळ फोटोतला कप्पा त्यात येत नाही. व्हॉट्सअपवर फोटो म्हणून पाठवला की तो कप्पा निघून जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की सगळा तसाच जातो. ईमेलचंही तसंच. फेसबुक बघणाऱ्याला दाखवत नाही, स्वतः मात्र वाचून घेतं! घर, लेकरं, दारातली नवी गाडी यांचे फोटो अनोळखी माणसाला देताना एवढं तरी बघत जा.

पण पुसायचं ते पाठवायच्या प्रतीतून, मूळ फोटोतून नाही. हे मी ठेच लागून शिकलो. एका पावसाळ्यात सोयाबीन पाण्यात गेलं. फोटो काढले, पुण्याच्या भाच्याला व्हॉट्सअपवर पाठवले आणि फोन भरला म्हणून इथले उडवून टाकले. नंतर कागदं घेऊन गेलो तर समोरच्यानं विचारलं, "हे कुठलं रान, कधीचं पाणी?" भाच्याकडच्या फोटोत तारीख होती ती फोटो पोहोचल्याची, ठिकाण तर नव्हतंच. रान माझं, पाणी माझ्या रानातलं, आणि सांगायला फक्त माझं तोंड. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतात उभं राहूनच फोटो घ्यायला लावतात ते याच कप्प्यातल्या गोष्टींसाठी : कुठं आणि कधी. आपल्याकडं तलाठ्यापासून घरकुलापर्यंत सगळा कारभार आता असल्याच फोटोवर चाललाय, आणि आपण मात्र मूळ फोटो 'जागा करायला' म्हणून आधी उडवतो.

मामांचा फोटो मी परवा मोबाइलवर काढून घेतला. फाइलमध्ये बघितलं तर तारीख यंदाची आणि ठिकाण माकणी. मग फोटो उलटा केला आणि निळ्या शाईची ती बाजूही काढून घेतली.