शब्दाला शब्द?

स्नेहसंमेलनात गाणे म्हणता म्हणता एखादी मुलगी दुसऱ्या कडव्याला अडते. एकच शब्द आठवत नाही, पण तो आठवल्याखेरीज पुढे जाता येत नाही. मग ज्यांना लिहितावाचता येत नव्हते, ते गायक लोकांसमोर तासन्‌तास गात कसे? हजारो ओळी त्यांनी पाठ तरी कशा केल्या असतील?

मिलमन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाला हा प्रश्न पडला तो होमरमुळे. ‘इलियड’ हे ग्रीक महाकाव्य सुमारे १५,७०० ओळींचे आहे. त्यात ठरावीक शब्दसमूह पुन्हापुन्हा येतात. ही मौखिक रचनेची खूण असावी, असा पॅरींचा तर्क होता. होमर तर ऐकायला मिळणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी जिवंत परंपरा शोधली आणि १९३३ साली व पुन्हा १९३४-३५ मध्ये ते युगोस्लाव्हियात गेले. दुसऱ्या खेपेस अल्बर्ट लॉर्ड हे त्यांचे विद्यार्थी मदतीला होते.

तेथे गुस्ले हे गजाने वाजवायचे एकतारी वाद्य घेऊन गायक वीरगाथा गात. रमजानमध्ये कॉफीगृहांत रात्री उशिरापर्यंत गाणे चाले. पॅरींनी ध्वनिमुद्रणासाठी दोन तबकड्यांचे यंत्र नेले होते. एक तबकडी भरली की दुसरी सुरू होई, त्यामुळे गाणे मध्येच थांबवावे लागत नसे.

नोवी पाझार गावचे गायक जेमाईल झोगिच ठामपणे सांगत की, ऐकलेले गाणे आपण शब्दाला शब्द तसेच गातो आणि वीस वर्षांनीही तसेच गाऊ. लॉर्ड यांनी १९५१ साली त्यांच्याकडून तेच गाणे पुन्हा घेतले. कथा तीच होती, प्रसंगही बहुतेक तेच. शब्द मात्र वेगळे!

झोगिच खोटे बोलत नव्हते. ‘शब्द’ म्हणजे कागदावर सुटा दिसणारा शब्द, ही कल्पना लिहिणाऱ्यांची आहे. त्यांच्या दृष्टीने गाणे तेच होते. ते पाठ करीत होते ओळी बांधण्याची रीत. ओळ दहा अक्षरांची, चौथ्या अक्षरानंतर यती. त्या मापात बसणारे तयार शब्दसमूह लहानपणापासून कानावर पडलेले. शिवाय सभा, वीराची तयारी, घोड्याचा साज असे ठरलेले प्रसंग. एवढ्या सामग्रीवर गायक मिनिटाला दहा ते वीस ओळी गाता गाता रचत असे. एखादा शब्द आठवला नाही, तर त्या मापाचा दुसरा हाताशी असे.

अव्दो मेजेदोविच या निरक्षर खाटकाची गोष्ट तर विलक्षणच. १९३५ साली पॅरींनी त्यांना दुसऱ्या गायकाचे, त्यांनी पूर्वी न ऐकलेले २,२९४ ओळींचे गाणे ऐकवले. लगेच अव्दोंनी ते स्वतः गायले, तेव्हा ओळी झाल्या ६,३१३! त्याच वर्षाअखेर पॅरी वारले. लॉर्ड यांनी हे संशोधन १९६० साली ग्रंथरूपाने मांडले.

म्हणजे शब्दशः पाठांतर होतच नाही का? होते; पण त्याला वेगळी तजवीज लागते. आपल्याकडील वेदपठणाचे उदाहरण घ्या. घनपाठात पहिली तीन पदे १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३ अशी उलटसुलट म्हणतात. एकच पद अनेक वेळा, वेगवेगळ्या शेजाऱ्यांसह येते. त्यामुळे कोठे चूक झाली तर ती तेथल्या तेथे उघडी पडते. येथे अक्षर बदलणे हा दोष, तर गुस्लेवाल्याला बदल करता येणे हेच कौशल्य.

मराठीत दोन्हींना आपण ‘पाठ आहे’ असेच म्हणतो. वर्गात एक प्रयोग करून पाहावा. जात्यावरच्या ओव्या येणाऱ्या एखाद्या आजीकडून एकाच विषयावरच्या ओव्या दोन महिन्यांच्या अंतराने मुलांनी जशाच्या तशा उतरवून घ्याव्यात आणि ताडून पाहाव्यात. जेथे फरक दिसेल तेथे आजी विसरली, की तिने नवे रचले? हे मुलांनीच ठरवावे. पाठांतराला गुण देताना आपण नेमके काय तपासतो, याचाही मग थोडा विचार होईल.