पारी आणि मोहन : एका विलायती करंजीचा इतिहास

करंजी बिघडली तर दोष सारणाचा क्वचितच असतो. बहुधा तो पारीचा असतो. हे सत्य आपल्या घरांतील गृहिणींना कोणी शिकवावे लागत नाही. परंतु इंग्लंडमधील गृहिणीही हेच सत्य शतकानुशतके जाणत आल्या आहेत, याचा उलगडा मला शिलाँगला नोकरीनिमित्त असताना एका नाताळात झाला. शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडून बशीभर पदार्थ आला. लहान वाटीच्या आकाराची, वर झाकण असलेली भाजकी पारी आणि तिच्यात मनुका, सफरचंद, संत्र्याची साल व मसाले यांचे काळसर गोड सारण. याला 'मिन्स पाय' म्हणतात. माझी आई त्या हिवाळ्यात आमच्याकडे राहावयास आली होती. यात लोणी आणि फळे यांवाचून काही नाही ना, याची तिने आधी शेजारीणबाईंकडून खात्री करून घेतली. मग एक पाय उचलून, तोंडात घालण्यापूर्वी त्याची कड दोन बोटांत चुरली आणि म्हणाली, "मोहन अगदी बेताचं पडलंय हो!"

त्या एका वाक्याने मला या विषयाकडे वळविले. दोन अगदी निराळ्या स्वयंपाकघरांना जोडणारा दुवा तिने बोटांनीच ओळखला होता. शेजारणीला लोण्याविषयी विचारलेला तिचा प्रश्नही किती इतिहासाला धरून होता, हे पुढे वाचनात आले.

प्रथम मोहन म्हणजे काय करते, ते पाहू. गव्हाच्या पिठात दोन प्रकारची प्रथिने असतात. पाणी घालून पीठ मळले की ती एकमेकांत गुंफली जातात व त्यांची लवचिक जाळी तयार होते. शास्त्रज्ञ तिला ग्लूटेन म्हणतात. पोळी लाटताना ताणली जाते आणि पाव फुगतो, तो या जाळीमुळे. परंतु हीच जाळी पारीत अधिक झाली की पारी चिवट होते. पाणी घालण्यापूर्वी पिठाला तूप किंवा लोणी चोळले, तर स्निग्धाचा पातळ लेप कणांवर बसतो, पाणी त्यांच्यापर्यंत पुरते पोचत नाही आणि जाळीचे धागे आखूडच राहतात. इंग्रजीत अशा खुसखुशीत पिठाला 'शॉर्ट', म्हणजे आखूड, असेच विशेषण आहे. आपण ज्याला मोहन म्हणतो, त्याला तिकडे 'शॉर्टनिंग' म्हणतात.

असे असूनही युरोपातील पारी आरंभापासून खुसखुशीत नव्हती. मध्ययुगीन इंग्लंडात पायच्या कवचाला 'कॉफिन' म्हणत. आज त्या शब्दाचा अर्थ शवपेटी असा असला, तरी त्या काळी त्याचा अर्थ केवळ पेटी किंवा टोपली एवढाच होता. जाडेभरडे पीठ घट्ट मळून त्याच्या उभ्या भिंती रचीत, आत मांस भरीत आणि वर झाकण बसवून विटांच्या भट्टीत भाजीत. ही पारी खाण्यासाठी असण्यापेक्षा भांडे म्हणूनच अधिक उपयोगाची होती. भाजल्यावर झाकणाच्या छिद्रातून आत वितळलेले लोणी ओतीत. ते थिजले की आतल्या मांसाला हवा लागत नसे व ते पुष्कळ दिवस टिके. आपण लोणच्यावर तेलाचा थर राखतो, त्यामागील हेतू हाच.

राजा दुसरा रिचर्ड याच्या आचाऱ्यांच्या पाककृतींचा 'द फॉर्म ऑफ क्युरी' हा संग्रह सुमारे १३९० मधील आहे. त्या काळच्या श्रीमंतांच्या भोजनात मांस, सुकी फळे आणि मसाले एकाच पदार्थात घालण्याची रीत होती. तिखट व गोड यांच्या पंक्ती तेव्हा वेगळ्या झाल्या नव्हत्या. मिन्स पायचा उगम याच रीतीत आहे. 'मिन्स' म्हणजे बारीक चिरणे, आणि चिरावयाची वस्तू मुळात मांस ही होती.

लोण्याचा पारीत सर्रास प्रवेश होण्यास धर्माचाही अडसर होता. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात रोमन चर्चला मांसाप्रमाणेच लोणीही निषिद्ध होते. दक्षिण युरोपात ऑलिव्हचे तेल मुबलक असल्याने तेथे त्याची अडचण भासली नाही. उत्तरेकडील लोकांस मात्र तो निर्बंध जाचक वाटे. मग द्रव्य भरून सवलत घेण्याची प्रथा पडली. फ्रान्समधील रूआँ येथील कॅथीड्रलच्या एका मनोऱ्यास 'लोण्याचा मनोरा' असेच नाव आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस बांधावयास घेतलेला हा मनोरा अशा सवलतींच्या द्रव्यातून उभा राहिला, अशी परंपरा सांगते. उपवासाला काय चालते आणि काय चालत नाही, यावर चातुर्मासात घरोघरी वाद घालणाऱ्या आपल्या समाजास हे प्रकरण परके वाटू नये.

सोळाव्या शतकात चित्र पालटले. शतकाच्या मध्यास प्रसिद्ध झालेल्या 'अ प्रॉपर न्यू बुक ऑफ कुकरी' या छोट्या इंग्रजी पुस्तकात टार्टसाठी खुसखुशीत पारीची कृती आहे. बारीक पीठ, थोडे पाणी, ताजे लोणी, किंचित केशर आणि दोन अंड्यांचा बलक, एवढेच तिचे साहित्य. ती पातळ व शक्य तितकी मऊ करावी, अशी सूचनाही आहे. पारी आता पेटी न राहता पदार्थाचा खाद्य भाग झाली होती. १६१५ मध्ये गर्व्हेझ मार्कहॅम याने 'द इंग्लिश हसवाइफ' हा ग्रंथ छापला. टिकवावयाच्या मांसासाठी राईचे जाड कवच आणि नाजूक पदार्थांसाठी गव्हाच्या पिठाची लोणीदार पारी, असा भेद त्यात केलेला आढळतो. त्याच्या मिन्स पायमध्ये मात्र अजून मेंढ्याचे मांस व चरबी आहे. सोबत मनुका, खजूर आणि संत्र्याची साल.

पुढे हा पदार्थ राजकारणातही सापडला. इंग्लंडातील यादवी युद्धात प्युरिटन पक्षाचा वरचष्मा झाला. नाताळचा खाण्यापिण्याचा थाट त्यांस धर्मबाह्य वाटे. १६४४ मध्ये नाताळ नेमका महिन्याच्या उपवासाच्या बुधवारी आला, तेव्हा संसदेने उपवासच पाळावा असे फर्माविले, आणि १६४७ मध्ये सणच रद्द केला. क्रॉमवेलने मिन्स पायवर कायद्याने बंदी घातली, ही आजही सांगितली जाणारी गोष्ट मात्र खरी नाही; बंदी सणावर होती, पायचे नाव घेऊन केलेला कायदा नव्हता. १६६० मध्ये राजेशाही परतली आणि नाताळही उघडपणे परतला. सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या माणसास यात एक बोध दिसतो. हुकुमाने सण बंद होतो. पण ज्या हातांना पारी लाटण्याची सवय आहे, त्यांची सवय हुकुमाने सुटत नाही.

यानंतर सारणातील मांस हळूहळू मागे पडत गेले. वेस्ट इंडीजच्या मळ्यांतून येणारी साखर सतराव्या-अठराव्या शतकांत स्वस्त होत गेली. ती स्वस्ताई आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या कष्टांवर उभी होती, हे या गोड इतिहासात विसरून चालणार नाही. १७४७ मध्ये हॅना ग्लास यांनी आपल्या प्रसिद्ध पाकशास्त्रात मनुका, सफरचंद, साखर, जायपत्री आणि चरबी यांचे सारण दिले व मांस हवे असल्यासच घालावे असे सुचविले. १८६१ च्या मिसेस बीटन यांच्या ग्रंथात दोन कृती आहेत, एक गोमांसासहित व दुसरी मांसावाचून. परंतु जनावराची चरबी दोहोंतही आहे. सारणाचे नाव आजही 'मिन्समीट' असेच आहे. नावात मांस राहिले आणि पदार्थातून गेले. आईने विचारलेला प्रश्न म्हणूनच अस्थानी नव्हता. काही घरांत व काही कारखान्यांत सारणात चरबी अद्यापही घालतात. शाकाहारी मंडळींनी विचारूनच घ्यावे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. पाव किलो मैद्यास त्याच्या निम्मे, म्हणजे १२५ ग्रॅम, थंड लोणी व चिमूटभर मीठ हे ढोबळ प्रमाण. लोण्याचे तुकडे पिठात टाकून केवळ बोटांच्या टोकांनी, रव्यासारखे दिसेपर्यंत चोळावयाचे. तळहात लावावयाचा नाही, कारण तो उष्ण असतो. नंतर तीन-चार चमचे गार पाणी शिंपडून गोळा जेमतेम एकत्र करावयाचा आणि मळावयाचा मुळीच नाही. अर्धा तास गारव्यात झाकून ठेवला की पिठात ओलावा सारखा मुरतो व ताणलेली जाळी सैलावते. मग लाटून, गोल चकत्या कापून, साच्यांत बसवून, सारण भरून, वर लहान चकतीचे झाकण लावावयाचे आणि वाफ जाण्यासाठी त्यास टोचावयाचे. २०० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये सुमारे वीस मिनिटांत पाय बदामी होतात.

हा सारा खटाटोप थंडाव्यासाठी आहे. लोण्यात सुमारे ८० टक्के स्निग्ध पदार्थ आणि १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असते, व साधारण ३२ ते ३५ अंशांवर ते वितळते. इंग्लंडच्या डिसेंबरात ही चिंता नाही. आपल्याकडे ऑक्टोबरच्या उन्हात, म्हणजे ऐन दिवाळीत, ते हातातच पाझरू लागेल. आमच्या घरी शिलाँगनंतरच्या बदलीत, मैदानी प्रदेशात, हा प्रयोग झाला. लोणी वितळून पिठात मुरले, पुन्हा पीठ घालावे लागले, आणि निघालेल्या पारीची गणना कॉफिन या जुन्या वर्गात करणे प्राप्त झाले!

आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडविला. लोणी कढवून तूप केले की त्यातील पाणी निघून जाते व ते उन्हाळ्यातही टिकते. पण तूपही पातळ होते. म्हणून साट्यासाठी त्यात तांदळाचे पीठ घालून ते फेसावयाचे, म्हणजे ते पोळीवर पसरते आणि ओघळत नाही. साटा लावलेल्या पोळ्या एकावर एक ठेवून गुंडाळल्या, वळकटी कापून लाट्या केल्या, की तळताना पदर सुटतात. दुसरा भेद मळण्याचा. इंग्रजी पारी मळावयाची नाही. आपले रवा-मैद्याचे पीठ मात्र दुधात भिजवून कुटावयाचे. कारण उघड आहे. त्यांची पारी साच्याच्या आधाराने भाजली जाते, आपली करंजी निराधार अवस्थेत कढईत पोहते. मोहन जास्त झाले तर ती तुपात फुटते, कमी झाले तर कडक होते. त्यामुळे इंग्रजी पारीच्या मानाने आपले मोहन थोडे, आणि खुसखुशीतपणाचा पुष्कळसा भार साट्यावर.

आपण मराठी माणसे जेथे जेथे बदलीने वा व्यवसायाने गेलो, तेथे या करंजीची भावंडे भेटतात. उत्तरेत होळीची गुजिया, गुजरातेत घुघरा, कर्नाटकात करजीकाई, आंध्रात कज्जिकायलू. गोव्यात तर नेवरी चतुर्थीलाही होते आणि ख्रिस्ती घरांत नाताळच्या फराळातही असते. एकाच ताटात दोन धर्मांचे सण मावल्याचे याहून गोड उदाहरण मला ठाऊक नाही.

विसाव्या शतकात मोहनाची जागा घेण्यास कारखाना पुढे आला. तेलाचे घट्ट स्निग्धात रूपांतर करण्याच्या रीतीचे पेटंट विल्हेल्म नॉर्मान या जर्मन शास्त्रज्ञाने १९०२ मध्ये घेतले. १९३७ मध्ये डालडा आपल्या बाजारात आला. स्वस्त, टिकाऊ, उष्णतेत न वितळणारा. खारी आणि नानकटाई यांनी त्याचा झटकन स्वीकार केला. अशा अर्धवट घट्ट केलेल्या तेलांत हृदयास घातक असे ट्रान्स फॅट असते, हे विज्ञानाला उशिरा उमगले. १ जानेवारी २०२२ पासून भारतात तेल-तुपातील त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आणण्यात आली आहे. आजीचे तूप महाग होते, पण कारखान्यात घडणाऱ्या या दोषातून मुक्त होते.

इंग्रजी पारीचा हा पाचसहा शतकांचा प्रवास मी सांगू शकलो, कारण त्या लोकांनी वेळोवेळी तो लिहून ठेवला. आपल्याकडेही लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' १९१० मध्ये व कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० मध्ये प्रसिद्ध झाली आणि दूरदेशी संसार मांडणाऱ्या कित्येक मराठी मुलींना त्यांचा आधार झाला. परंतु प्रत्येक घराचे मोहन वेगळे असते. माझी आई पीठ मुठीत दाबून मुटका वळतो का पाही; साट्याची गोळी पाण्यात टाकून ती तरंगते का पाही; आणि तूप किती, असे विचारले तर "हाताला कळतं" एवढेच सांगे. ती गेल्यास आता नऊ वर्षे झाली. दर दिवाळीला माझी बहीण तिकडून फोन करते आणि आमची सौभाग्यवती इकडून उत्तर देते; एकीच्या मते तीन चमचे, दुसरीच्या मते चार. दोघींच्याही करंज्या उत्तम होतात, आणि दोघींनाही ठाऊक असते की ती करंजी ही नव्हे.

आपल्या मंडळाने पन्नास वर्षे दिवाळीचा फराळ एकत्र केला, वाटला आणि खाल्ला. त्या कढयांभोवती बसणाऱ्या ज्येष्ठ भगिनींपैकी कित्येक आज आपल्यात आहेत. त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे, त्यांचा हात चालत असताना वाटी आणि चमचा मोजून घ्यावा, आणि मुटक्याची व तरंगणाऱ्या गोळीची खूणही टिपून ठेवावी, एवढेच माझे मागणे आहे. येत्या दिवाळीपर्यंत थांबू नये.