चूल, छप्पर आणि कायदा



समलिंगी जोडप्यांच्या हक्कांचा विषय निघाला की आपल्याकडे वाद थेट विवाहमंडपात शिरतो. विवाह हा संस्कार की करार, तो स्त्रीपुरुषांतच व्हावा की कसे, यावर दोन्ही पक्ष हिरीरीने बोलतात. परंतु इतिहास पाहू गेल्यास हा प्रश्न अनेक ठिकाणी आधी कचेरीच्या खिडकीशी, रुग्णालयाच्या दाराशी आणि भाड्याच्या खोलीच्या उंबरठ्यावर उभा राहिलेला दिसतो. त्या उंबरठ्याचा इतिहास आज थोडक्यात मांडावयाचा आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात बर्कली हे विद्यापीठामुळे नावारूपास आलेले शहर आहे. तेथील नगरसभेने १९८४ च्या डिसेंबरात एक धोरण मंजूर केले. नगरपालिकेचा नोकर विवाहित नसला, तरी ज्या जोडीदाराबरोबर तो एकत्र संसार करतो, त्यालाही नोकराच्या कुटुंबास मिळणाऱ्या सवलती लागू कराव्यात, असा त्याचा आशय होता. जोडीदार स्त्री आहे की पुरुष, याचा विचार त्यात केला नव्हता. विवाहाचा कायदा बदलणे नगरपालिकेच्या हाती नव्हते. आपल्या नोकराला सहचराच्या आजारपणात रजा द्यावी की नाही, हे मात्र सर्वस्वी तिच्या हाती होते. जेवढे हाती होते तेवढे तिने केले. समलिंगी विवाहास त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाची मान्यता मिळाली ती जून २०१५ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी.

आता आपल्या मुंबईकडे वळू. 'कुटुंब' म्हणजे नवरा, बायको आणि मुले, ही व्याख्या गिरणगावाला कधीच पुरली नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत या शहरात दर १००० पुरुषांमागे स्त्रियांची संख्या ६०० हूनही कमी होती. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामकरी बायकामुलांना गावी ठेवून येथे राही. परळ-लालबागच्या चाळींत एकेका खोलीत एकाच गावचे अनेक पुरुष पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत, आणि एकाला ताप आला तर दुसरा खाडा करून त्याच्या उशाशी बसे. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे १९२० नंतर उभ्या राहिलेल्या २०७ बी.डी.डी. चाळींतही असे बिऱ्हाड नवलाचे नव्हते. या लोकांना आजच्या अर्थाने समलिंगी जोडपी म्हणावयाचे नाही. तसे म्हणणे इतिहासाशी प्रतारणा होईल. सांगावयाचे ते इतकेच की, रक्ताचे वा लग्नाचे नाते नसताना एकत्र नांदणारी माणसे या शहराने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहेत.

शहराच्या कागदपत्रांनाही या वस्तुस्थितीशी जुळवून घ्यावे लागले. मे १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले. शिधापत्रिकेचा मूळ प्रश्न 'लग्न कोणाशी झाले?' हा नसून 'या बिऱ्हाडात खाणारी तोंडे किती?' हा होता. त्यानंतर आला १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा. भाडेकरू मरण पावला तर खोली कोणाची? कायद्याने सांगितले, मृत्युसमयी त्याच्याबरोबर राहणाऱ्या त्याच्या कुटुंबीयाची. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यातही असाच क्रम आहे: प्रथम बरोबर राहणारा कुटुंबीय आणि तसा कोणी नसेल तरच अन्य वारस. गावाकडच्या वारसापेक्षा खोलीत बरोबर राहिलेल्या माणसाला कायद्याने येथे अग्रमान दिला आहे. प्रश्न उरतो तो 'कुटुंबीय' या शब्दाचा.

नेमक्या याच शब्दावर दोन परदेशी न्यायालयांना निर्णय द्यावा लागला. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयाने ठरविले की, भाडेनियंत्रित घरात दहा वर्षे सोबत राहिलेला पुरुष सहचर हा मृत भाडेकरूचा कुटुंबीय ठरू शकतो. लंडनमधील प्रकरण तर अधिकच हृदयस्पर्शी आहे. तेथे दोन पुरुष १९७६ पासून एकत्र राहत होते. १९८६ मध्ये त्यांपैकी एकाच्या मेंदूला अपघाताने गंभीर इजा झाली, आणि दुसऱ्याने १९९४ पर्यंत, म्हणजे त्याच्या मृत्यूपर्यंत, त्याची अहोरात्र शुश्रूषा केली. घरावर त्याचा हक्क काय? ऑक्टोबर १९९९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने निकाल दिला की, तो 'पती' वा 'पत्नी' ठरत नसला तरी 'कुटुंबीय' निश्चित ठरतो. आपला भाडेकायदा विधिमंडळाने संमत केला तो याच वर्षी, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आपल्याकडील वाटचाल उशिरा सुरू झाली, याचे कारण उघड आहे. १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ वे कलम डोक्यावर टांगलेले असताना 'हा माझा सहचर' असे खिडकीपाशी सांगणार कोण? ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या खाजगी व संमतीच्या संबंधांपुरते ते कलम रद्दबातल ठरविले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मात्र विवाहाची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. त्याच वेळी, या जोडप्यांच्या व्यावहारिक अडचणी पाहण्यासाठी समिती नेमण्याचे केंद्र सरकारचे आश्वासन त्याने नोंदवून घेतले. समिती एप्रिल २०२४ मध्ये नेमली गेली, आणि त्याच वर्षी केंद्राची पत्रके निघाली. त्यांचा आशय असा: शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच बिऱ्हाडातील मानावे, बँकेत संयुक्त खाते उघडण्यास व जोडीदाराचे नाव नॉमिनी म्हणून लावण्यास आडकाठी नाही, निकटचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा.

पाहा, विवाहाचे दार बंद राहिले आणि पुन्हा शिधापत्रिकाच पुढे आली! पण या सवलतींची मर्यादाही ओळखली पाहिजे. पत्रक म्हणजे कायदा नव्हे. नॉमिनी म्हणजेही वारस नव्हे. बँकेने पैसे त्याच्या हाती दिले तरी खरे वारस ते मागू शकतात. जोडीदारास दिलेल्या भेटीवरील प्राप्तिकराचा प्रश्न एका समलिंगी जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात नेला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने त्यावर नोटीस काढली. पती-पत्नीमधील भेटीस जी करमाफी आहे ती आपणांस का नाही, एवढेच त्यांचे विचारणे होते.

आज गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळी पाडून मनोरे उठत आहेत. कोणत्या खोलीच्या कागदावर कोणाचे नाव, यावर नव्या घराचे स्वामित्व ठरते. वीस वर्षे एकत्र राहिलेल्या दोघांपैकी एक गेला आणि कागदावर फक्त त्याचेच नाव असले, तर दुसऱ्याने जावे कोठे? विवाहाचा निर्णय संसद करील तेव्हा करील. परंतु आपल्या नोकरांची रजा, त्यांच्या घरच्यांचे औषधपाणी, आपल्या रुग्णालयात आजाऱ्याजवळ बसण्याची परवानगी, या गोष्टींसाठी महानगरपालिकेने दिल्लीकडे डोळे लावून बसावयाचे कारण नाही. ज्या शहराने एका चुलीभोवतीच्या माणसांना न विचारता एक बिऱ्हाड मानले, त्याने ही गोष्ट कागदावर उतरविणे, हे आपल्या जुन्या रीतीला धरूनच होईल.