लीबिगचे कोल्हे आणि मालेगावचे डबे : क्रिएटिनच्या रूपांचा इतिहास

१/१४
मालेगावातल्या व्यायामशाळांत आज तालमीच्या मातीइतकीच चर्चा डब्यांची असते. मोनोहायड्रेट, एचसीएल, बफर्ड, इथिल एस्टर : क्रिएटिन एकच, रूपे अनेक, किमतींत मोठी तफावत. बारा तासांच्या पाळीत यंत्रमाग चालवणाऱ्या कामगाराच्या मुलाने यांतले कोणते निवडावे? जाहिरातींपेक्षा या पदार्थाचा सुमारे १९० वर्षांचा इतिहास याचे उत्तर अधिक नीट देतो. आजचा थ्रेड त्यावर.

२/१४
१८३२. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांना मांसाच्या अर्कात एक नवा पदार्थ सापडला. ग्रीक भाषेत 'क्रेआस' म्हणजे मांस. त्यावरून त्यांनी त्याला 'क्रिएटिन' हे नाव दिले. नाव मिळाले, पण हा पदार्थ शरीरात करतो काय, हे कळायला पुढे जवळजवळ शतक जावे लागले.

३/१४
१८४७. जर्मनीचे युस्टुस फॉन लीबिग यांनी शिकारीत धावून मेलेल्या कोल्ह्यांचे मांस आणि पिंजऱ्यात पोसलेल्या कोल्ह्याचे मांस तपासले. धावलेल्या कोल्ह्यांत क्रिएटिन सुमारे दहा पट आढळल्याचे त्यांनी नोंदवले. स्नायूंचे श्रम आणि क्रिएटिन यांचा काही संबंध असावा, हा विचार इथे प्रथम ठळकपणे पुढे आला.

४/१४
विचारापाठोपाठ बाजार आला. लीबिग यांच्या नावाची मांसअर्काची कंपनी १८६५ मध्ये लंडनमध्ये स्थापन झाली. कारखाना उरुग्वेतील फ्राय बेंतोस येथे. एक किलो अर्कासाठी सुमारे तीस किलो मांस लागे. हा अर्क म्हणजे मांसाचे सारे सत्त्व, अशी त्याची ख्याती झाली. पुढे कळले की त्यात चव होती, पोषण मात्र फार थोडे. खऱ्या शोधावर अवास्तव दावा चढवण्याची ही रीत लक्षात ठेवा. ती पुन्हा भेटणार आहे.

५/१४
१९२७ मध्ये या कथेत एक भारतीय येतो. भीमावरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव तेव्हा हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्यासह काम करत होते. स्नायूंत फॉस्फरसशी जोडलेले क्रिएटिन, म्हणजेच फॉस्फोक्रिएटिन, असते हे या दोघांनी दाखवले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एगल्टन दांपत्यालाही हाच पदार्थ आढळला होता; त्यांनी त्याला 'फॉस्फाजेन' म्हटले.

६/१४
याचे कार्य सोप्या शब्दांत असे. स्नायूंचे रोख चलन म्हणजे एटीपी. जड वजन उचलताना ते काही सेकंदांत संपत येते. तेव्हा फॉस्फोक्रिएटिन भरवशाच्या शेजाऱ्यासारखे तत्काळ उसनवार देते आणि एटीपी पुन्हा उभे राहते. म्हणून क्रिएटिनचा लाभ जोर, बैठका, वजन, वेगवान धाव अशा छोट्या स्फोटक श्रमांत दिसतो. लांब पल्ल्याच्या संथ धावेत तितका नाही.

७/१४
आता आपल्या तालमींकडे वळू. शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात कुस्ती बहरली आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. मल्लाचा खुराक ठरलेला : दूध, तूप, बदाम, थंडाई. त्यात ऊर्जा भरपूर, प्रथिनेही. क्रिएटिन मात्र जवळजवळ नाही. ते मिळते मांस-मासळीतून, एक किलो कच्च्या मांसात सुमारे चार-पाच ग्रॅम. शिवाय शरीर स्वतःही रोज सुमारे एक ग्रॅम तयार करते. शाकाहारी मल्लाची मदार मुख्यतः या घरच्या उत्पादनावरच असे.

८/१४
१९९२. रॉजर हॅरिस, एरिक हल्टमन आणि सहकाऱ्यांनी निर्णायक प्रयोग प्रसिद्ध केला. दिवसाला वीस ते तीस ग्रॅम मोनोहायड्रेट, पाच-पाच ग्रॅमच्या मात्रांत काही दिवस दिल्यावर स्नायूंतले क्रिएटिन स्पष्टपणे वाढले. ज्यांच्याकडे ते मुळात कमी होते, त्यांच्यात वाढ अधिक. पुढे १९९६ मध्ये हल्टमन यांनी दाखवले की रोज केवळ तीन ग्रॅम घेतले तरी सुमारे चार आठवड्यांत तीच पातळी गाठता येते. घाई नसेल, तर मोठ्या मात्रेची गरज नाही.

९/१४
१९९२ च्याच बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ब्रिटनचे लिनफर्ड क्रिस्टी आणि सॅली गनेल यांनी सुवर्णपदके जिंकली. त्यांनी क्रिएटिन घेतल्याचे वृत्त गाजले. १९९३ मध्ये अमेरिकेत ते डब्यातून विकले जाऊ लागले. डब्यावरचे नाव? 'फॉस्फाजेन'! प्रयोगशाळेतला शब्द दुकानाच्या फळीवर पोहोचला होता.

१०/१४
मालेगावात हमखास विचारला जाणारा एक प्रश्न : हे शाकाहारी आहे का, हलाल आहे का? नाव मांसावरून पडले असले, तरी आजचे चूर्ण मांसातून काढत नाहीत. ते सार्कोसिन आणि सायनामाइड या रसायनांपासून कारखान्यात बनते. मात्र कॅप्सूलचे जिलेटिन प्राणिज असू शकते. कॅप्सूल घेणार असाल, तर वेष्टनावरची खूण अवश्य पाहा.

११/१४
मग नवी रूपे का आली? १८३२ पासून ज्ञात असलेल्या पदार्थावर कुणाची मक्तेदारी चालेना. उत्पादक वाढले, भाव उतरले. अधिक किमतीला विकायचे, तर 'नवे' काहीतरी हवे होते. सुधारणा म्हणून जे पुढे आले, त्याला अशी व्यापारी निकडही होती.

१२/१४
रूपे तपासू. साधा हिशेब : मोनोहायड्रेटमध्ये वजनाच्या सुमारे ८८ टक्के क्रिएटिन, एचसीएलमध्ये सुमारे ७८. म्हणजे पाच ग्रॅममध्ये अनुक्रमे ४.४ आणि ३.९ ग्रॅम. एचसीएल पाण्यात फार चांगले विरघळते, हे खरे. पण मोनोहायड्रेटही आतड्यांतून जवळजवळ पूर्ण शोषले जाते, त्यामुळे या गुणाचा स्नायूंना वेगळा लाभ सिद्ध झालेला नाही. 'मायक्रोनाइज्ड' म्हणजे तेच मोनोहायड्रेट, अधिक बारीक दळलेले.

१३/१४
इथिल एस्टर अधिक शोषले जाते, असा दावा होता. २००९ च्या अभ्यासात ते मोनोहायड्रेटहून सरस ठरले नाही; उलट रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे टाकाऊ घटक, वाढला. बफर्ड रूप जठराच्या आम्लात टिकते म्हणून श्रेष्ठ, असे सांगितले गेले. २०१२ मध्ये ३६ व्यायामपटूंवरच्या तुलनेत ते मोनोहायड्रेटपेक्षा वरचढ दिसले नाही. द्रवरूपाचा दोष मूलभूत आहे : पाण्यात ठेवलेले क्रिएटिन दिवसागणिक क्रिएटिनिन बनत जाते. म्हणून चूर्ण ऐनवेळी पाण्यात मिसळून प्यावे.

१४/१४
२०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडापोषण संस्थेने सारा पुरावा चाळून निर्वाळा दिला : सर्वाधिक अभ्यासलेले आणि परिणामकारक रूप मोनोहायड्रेटच. लीबिगच्या अर्कापासून आजच्या रंगीत डब्यांपर्यंत वेष्टने बदलत गेली. कसोटीला उतरले ते सर्वांत साधे, बहुधा सर्वांत स्वस्त रूप. घ्यायचेच असेल, तर डब्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक पाहा. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नका. रक्ततपासणीच्या वेळी क्रिएटिन घेत असल्याचे जरूर सांगा, कारण क्रिएटिनिनचा आकडा त्यामुळे थोडा वाढलेला दिसू शकतो. आणि महाग डब्यासाठी बाजूला काढलेले पैसे दूध, अंडी, डाळ यांवर खर्च करा. खुराकाच्या बाबतीत जुन्या वस्तादांचे चुकले नव्हते.