मोनार्क फुलपाखरांच्या रक्षणात गावांचा वाटा

नारिंगी पंखांवर काळ्या शिरा आणि काळ्या काठावर पांढरे ठिपके असलेले मोनार्क हे उत्तर अमेरिकेतील सर्वांत परिचित फुलपाखरू होय. त्याचे वजन जेमतेम अर्धा ग्रॅम असते. तरीही दर शरद ऋतूत कॅनडा आणि अमेरिकेच्या पूर्व भागातून निघालेली ही फुलपाखरे ४,००० किलोमीटरपर्यंतचे अंतर कापून मध्य मेक्सिकोतील डोंगरांवर हिवाळा काढण्यासाठी येतात. ज्या पिढीने हा डोंगर कधीच पाहिलेला नसतो, तीच नेमकी तेथे पोहोचते. मात्र ही वाट आता खडतर झाली असून ती टिकविण्याचे काम केवळ सरकारी फतव्यांनी होणारे नाही, असा गेल्या चार दशकांचा अनुभव आहे.

दोन गरजा, तीन देश

मोनार्कच्या जीवनक्रमात दोन गोष्टींना पर्याय नाही. मादी अंडी घालते ती फक्त मिल्कवीड या वनस्पतीवर. आपल्याकडील रुईच्या कुळातील या झाडाची पानेच सुरवंटाचे अन्न असतात आणि त्यातील विषारी द्रव्यांमुळे पक्षी या फुलपाखराच्या वाटेला फारसे जात नाहीत. दुसरी गरज म्हणजे हिवाळी निवारा. मिचोआकान आणि मेक्सिको या राज्यांच्या सीमेवर सुमारे ३,००० मीटर उंचीवरील ओयामेल या सूचिपर्णी वृक्षांच्या दाट जंगलात फुलपाखरे अक्षरशः फांद्या वाकतील एवढ्या संख्येने लटकून राहतात. हे जंगल त्यांना थंडीत पांघरुणासारखे आणि पावसात छत्रीसारखे उपयोगी पडते. झाडी विरळ झाली की भिजलेली फुलपाखरे गारठून मरतात. जानेवारी २००२ मधील वादळी पाऊस आणि त्यापाठोपाठच्या कडाक्याच्या थंडीत कोट्यवधी फुलपाखरे मृत्युमुखी पडली होती.

फुलपाखरे एकेक करून मोजणे अशक्य असल्याने त्यांनी व्यापलेल्या जंगलाचे क्षेत्र मोजले जाते. १९९६-९७ च्या हिवाळ्यात ते १८ हेक्टरांहून अधिक होते. २०१३-१४ मध्ये ते ०.६७ हेक्टरपर्यंत घसरले, तर २०२४-२५ मध्ये १.७९ हेक्टर भरले. उत्तरेकडे तणनाशकांना दाद न देणाऱ्या मका व सोयाबीनच्या वाणांचा प्रसार झाला आणि शेतांतील मिल्कवीड नाहीसे झाले, हे या घसरणीचे एक प्रमुख कारण मानले जाते. त्यात दक्षिणेकडील वृक्षतोड आणि बदलत्या हवामानाची भर पडली.

जंगलाचे मालक, जंगलाचे राखणदार

मेक्सिकोतील हे जंगल प्रामुख्याने ‘एहिदो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सामुदायिक जमीनधारक गावांचे आणि मासावा व ओतोमी या आदिवासी समाजांचे आहे. फुलपाखरे तेथे येतात ती नोव्हेंबरच्या आरंभी, मृतांच्या स्मरणाचा सण असतो त्या सुमारास. पूर्वजांचे आत्मेच या रूपाने परततात, अशी तेथील श्रद्धा आहे. बाहेरच्या शास्त्रज्ञांना या जागेचा पत्ता १९७५ मध्ये लागला. गावकऱ्यांना तो पूर्वापार ठाऊक होता.

१९८६ मध्ये सरकारने सुमारे १६,००० हेक्टर क्षेत्र संरक्षित केले आणि गाभा क्षेत्रात लाकूडतोडीस बंदी घातली. परंतु ज्यांचा चरितार्थ त्या लाकडावर होता, त्यांना पुरेसा मोबदला मिळाला नाही. परिणामी असंतोष वाढला आणि तोडही थांबली नाही. २००० मध्ये संरक्षित क्षेत्र ५६,००० हेक्टरांवर नेताना ही चूक सुधारण्याचा प्रयत्न झाला. ‘मोनार्क निधी’ उभारण्यात आला. लाकूडतोडीचा हक्क सोडणाऱ्या आणि जंगल राखणाऱ्या गावांना त्यातून पैसे मिळू लागले. गावांनी गस्ती पथके नेमली, रोपवाटिका काढल्या, उघड्या पडलेल्या उतारांवर झाडे लावली. कमी सरपणात चालणाऱ्या चुलींचाही प्रसार झाला. २०१२ च्या सुमारास गाभा क्षेत्रातील मोठ्या प्रमाणावरील बेकायदा तोड जवळजवळ थांबली. २००८ मध्ये युनेस्कोने या जंगलास जागतिक वारशाचा दर्जा दिला होता.

एल रोसारिओ, सिएरा चिंकुआ यांसारख्या ठिकाणी नोव्हेंबर ते मार्च या काळात वाटाडे, घोडेवाले आणि खानावळी चालविणारी कुटुंबे पर्यटनावर कमाई करतात. मात्र ज्या गावांच्या हद्दीत फुलपाखरे उतरत नाहीत, त्यांच्या वाट्याला यातले फारसे काही येत नाही. ॲव्होकॅडोच्या बागांसाठी आसपासच्या जंगलावर येणारा दबावही वाढता आहे. राखणदारी जोखमीचीही ठरते. एके काळी लाकूड व्यवसायात असलेले आणि पुढे एल रोसारिओचे प्रमुख रक्षक बनलेले ओमेरो गोमेस गोन्सालेस जानेवारी २०२० मध्ये बेपत्ता झाले आणि महिनाअखेरीस त्यांचा मृतदेह सापडला.

अंगणातील मिल्कवीड

उत्तरेकडील नागरिकांचे काम तुलनेने सोपे, पण तितकेच आवश्यक आहे. कॅन्सस विद्यापीठातील ‘मोनार्क वॉच’ या उपक्रमाने २००५ पासून घरांची अंगणे, शाळा व उद्यानांत मिल्कवीड आणि मधुरसाची फुलझाडे लावून ‘विश्रामस्थाने’ नोंदविण्यास सुरुवात केली. २०१५ पासून अनेक शहरांचे महापौर स्थानिक वनस्पती लावण्याची आणि गवतकापणीचे वेळापत्रक बदलण्याची शपथ घेत आहेत. टेक्सास ते मिनेसोटा जाणाऱ्या महामार्गाच्या कडेची जमीन फुलपाखरांसाठी राखण्याचा करार सहा राज्यांनी २०१६ मध्ये केला.

स्थलांतराचे कोडेही सामान्यांच्याच मदतीने सुटले. कॅनडातील फ्रेड व नोरा अर्क्हार्ट या दाम्पत्याने हजारो स्वयंसेवकांकरवी फुलपाखरांच्या पंखांवर चिकटपट्ट्या लावून घेतल्या. मेक्सिकोच्या डोंगरात १९७६ मध्ये सापडलेली अशी एक चिकटपट्टी मिनेसोटातील एक शिक्षक आणि दोन शाळकरी मुलांनी लावलेली निघाली. आजही अशा चिकटपट्ट्या गोळा करून देणाऱ्या मेक्सिकोतील गावकऱ्यांना मोबदला दिला जातो.

उत्साहाला विवेकाची जोड

मदत करताना काही पथ्ये पाळावी लागतात. महाराष्ट्रातील बागांत हळदीकुंकू या नावाने ओळखले जाणारे लाल-पिवळ्या फुलांचे झाड हेही मिल्कवीडच आहे; ते मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतील. अमेरिकेच्या उबदार दक्षिण भागात ते हिवाळ्यातही हिरवे राहते. त्यामुळे फुलपाखरे तेथेच रेंगाळतात आणि पानांवर साचणाऱ्या एका परजीवीचा संसर्ग वाढतो. म्हणून त्या त्या प्रदेशातील मूळ जातीच लावाव्यात, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो. मोठ्या संख्येने फुलपाखरे घरात पाळून सोडणे, कीटकनाशकाची फवारणी झालेली रोपे विकत आणणे हेही अपायकारक ठरते.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने २०२२ मध्ये स्थलांतर करणाऱ्या मोनार्कला ‘संकटग्रस्त’ ठरविले आणि फेरआढाव्यानंतर २०२३ मध्ये ‘असुरक्षित’ गटात ठेवले. या वाटचालीत प्रत्येकाचा वाटा सारखा नाही. उत्तरेतील रहिवाशाला अंगणाचा एक कोपरा द्यावा लागतो, तर मिचोआकानच्या गावकऱ्याला उत्पन्नाचे साधन सोडावे लागते. त्या त्यागाची भरपाई नियमितपणे होत राहिली, तरच डोंगरावरील ओयामेलची छत्री शाबूत राहील.