रांगेचं शास्त्र: दहा मिनिटं कधीकधी तासासारखी का वाटतात?

बँकेत, रेल्वेच्या खिडकीवर, दवाखान्यात, तिकीट बुकिंगच्या ॲपवर, कस्टमर केअरच्या फोनवर आपण सगळीकडे रांगेत असतो. फरक एवढाच, की काही रांगा दिसतात आणि काही दिसत नाहीत. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आणि आमच्या कामातही रांग रोजचीच. सर्व्हरकडे येणाऱ्या विनंत्या, पाठवायचे मेसेज, प्रिंटरकडे गेलेल्या फाइल्स, सगळं रांगेतच उभं असतं. पण कॉम्प्युटरच्या आणि माणसांच्या रांगेत एक मोठा फरक आहे. मेसेजला कंटाळा येत नाही, राग येत नाही, आणि कुणी मध्ये घुसलं तर वाईट वाटत नाही. माणसाला हे सगळं होतं.

या लेखात आपण रांगेचं गणित, रांगेत उभ्या माणसाचं मन, आणि ॲपमधल्या न दिसणाऱ्या रांगा कशा चालतात ते पाहू.

रांग लागते तरी का?

रांगेचा शास्त्रशुद्ध अभ्यास टेलिफोनमुळे सुरू झाला. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एर्लांग या डॅनिश गणितज्ञाला ठरवायचं होतं, की अमुक इतके कॉल येत असतील तर लाइन्स किती ठेवायच्या. त्याचा पहिला शोधनिबंध १९०९ सालचा. व्हॉट्सॲपचा सर्व्हर ज्या भाषेत लिहिला गेला, त्या एर्लांग भाषेला त्याचंच नाव आहे.

या शास्त्रातला सर्वांत उपयोगी नियम म्हणजे लिटलचा नियम. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो सिद्ध केला. नियम साधा आहे: रांगेतली माणसं भागिले दर मिनिटाला येणारी माणसं, म्हणजे थांबण्याचा सरासरी वेळ. वडापावच्या गाडीवर साधारण दहा जण कायम उभे असतात आणि मिनिटाला दोन नवे येतात, तर सरासरी पाच मिनिटं थांबावं लागतं. पुढच्या वेळी रांगेत असाल तेव्हा करून बघा.

दुसरी गोष्ट जास्त धक्कादायक आहे. समजा एका खिडकीवर एका माणसाचं काम सरासरी १ मिनिटात होतं, आणि माणसं ठरलेल्या वेळी न येता कधीही येतात. खिडकी ५०% वेळ कामात असेल, तर पोचल्यापासून काम उरकेपर्यंत सरासरी २ मिनिटं लागतात. ८०% झाली तर ५ मिनिटं, ९०% वर १० आणि ९५% वर २०. म्हणजे गर्दी थोडीशीच वाढते, पण थांबणं दुप्पट होतं. “काल तर पटकन झालं, आज काय झालं यांना?” असं आपण चिडून विचारतो, तेव्हा बऱ्याचदा खिडकीवरचा माणूस हळू झालेला नसतो. खिडकी तिच्या क्षमतेच्या काठावर आलेली असते, इतकंच.

घड्याळातला वेळ आणि मनातला वेळ

इथपर्यंत गणित झालं. पण गणित सुटलं म्हणून तक्रारी सुटत नाहीत. अमेरिकेतल्या ह्यूस्टन विमानतळाचा किस्सा या विषयात नेहमी सांगितला जातो. सामान उशिरा मिळतं अशा प्रवाशांच्या तक्रारी होत्या. माणसं वाढवली, वेळ कमी झाला, तरी तक्रारी चालूच. मग विमानतळानं सामानाचा पट्टा प्रवासी उतरतात तिथून लांब नेला. प्रवाशांना जास्त चालावं लागलं, आणि पट्ट्याशी पोचेपर्यंत सामान जवळपास आलेलं असायचं. तक्रारी जवळजवळ थांबल्या. एकूण वेळ साधारण तोच होता, फक्त उभं राहण्याऐवजी तो चालण्यात गेला.

डेव्हिड मायस्टर यांनी १९८५ मध्ये अशा निरीक्षणांची एक यादीच मांडली. त्यातली काही अशी:

– रिकामं थांबणं हे काहीतरी करत थांबण्यापेक्षा लांब वाटतं.
– किती वेळ लागेल हे माहीत नसेल तर थांबणं लांब वाटतं.
– उशीर का होतोय हे कळलं नाही तर थांबणं लांब वाटतं.
– अन्याय होतोय असं वाटलं तर थांबणं लांब वाटतं.
– एकट्यानं थांबणं हे सोबतीनं थांबण्यापेक्षा लांब वाटतं.
– मिळणारी गोष्ट जितकी मोलाची, तितका वेळ माणूस थांबायला तयार असतो.

ही यादी हातात घेऊन आषाढीला पंढरपूरची दर्शनरांग बघा. रांग गोपाळपूरच्या दिशेनं कुठल्या कुठे गेलेली असते, आणि लोक तासन् तास उभे असतात. पण तोंडात नाम असतं, भजन चालू असतं, सोबत दिंडीतली माणसं असतात, आणि शेवटी विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवायला मिळणार हे पक्कं असतं. वेळ रिकामा नाही, माणूस एकटा नाही, मिळणारी गोष्ट अमोल. श्रद्धेचा भाग आहेच, पण मायस्टर यांच्या यादीतल्या बहुतेक ओळी तिथे लागू पडतात.

आता उलटं उदाहरण. कस्टमर केअरला फोन लावला आणि “आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे” हे वाक्य आठ मिनिटं ऐकलं. वेळ पंढरपूरच्या मानानं काहीच नाही. पण किती जण पुढे आहेत माहीत नाही, उशीर का माहीत नाही, फोन मध्येच कट होईल का तेही माहीत नाही. त्याऐवजी “तुमच्या पुढे चार जण आहेत” एवढं सांगितलं तरी जीव शांत होतो.

खरा राग कशाचा येतो?

माझ्या मते या यादीतली सर्वांत वजनदार ओळ अन्यायाची आहे. एमआयटीचे प्राध्यापक रिचर्ड लार्सन, ज्यांना ‘डॉक्टर क्यू’ म्हणतात, त्यांनी १९८७ मध्ये रांगेचा विचार सामाजिक न्यायाच्या अंगानं केला. जो आधी आला त्याचं आधी, हा नियम मोडला की पाच मिनिटांचाही त्रास होतो.

मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांच्या चमूनं न्यूयॉर्कमध्ये रेल्वे तिकिटांच्या आणि इतर शंभराहून जास्त रांगांमध्ये मुद्दाम माणसं घुसवून पाहिली. तो अभ्यास १९८६ मध्ये छापून आला. एकाऐवजी दोघं घुसले की विरोध बराच वाढायचा. आणि विरोध करणारे मुख्यतः घुसखोराच्या मागचे असायचे, पुढचे नाही. त्यातही अगदी लगेच मागचा माणूस गप्प राहिला, तर बाकीचेही बहुधा गप्प राहायचे. म्हणजे रांगेला पोलीस नसतो. प्रत्येक जण आपल्या पुढच्या तुकड्याची राखण करतो आणि त्यातून अख्खी रांग टिकते. मुंबईत बस स्टॉपवर कुणी न सांगता रांग लागते ती याच जोरावर.

मग कुणाला पुढे जाऊ देतो आपण? एलन लँगर यांच्या १९७८ च्या प्रयोगात झेरॉक्स मशीनपाशी उभ्या लोकांना विचारलं गेलं, “पाच पानं आहेत, मी आधी घेऊ का?” ६०% लोक हो म्हणाले. “घाई आहे म्हणून” असं कारण जोडल्यावर ९४%. गंमत म्हणजे “मला प्रती काढायच्या आहेत म्हणून” असं काहीच न सांगणारं कारण दिलं तरी ९३%! पण पानं २० झाली तेव्हा ही युक्ती चालली नाही. कारण फुसकं असेल तर होकार २४% वरच राहिले. छोट्या गोष्टीत मन “म्हणून” या शब्दावर समाधान मानतं, मोठ्या गोष्टीत खरं कारण मागतं.

आणि “नेहमी बाजूचीच रांग पुढे सरकते” याचं काय? ते नशीब नाही. तुमची रांग आणि दोन्ही बाजूंच्या दोन, अशा तीन सारख्या रांगा धरल्या तर तुमची सर्वांत वेगवान असण्याची शक्यता तीनात एक. म्हणजे तीनपैकी दोनदा बाजूची कुठली तरी रांग पुढे जाणारच. म्हणून बँकेत किंवा विमानतळावर सगळ्यांची मिळून एकच नागमोडी रांग केली, की ती लांब दिसते पण भांडणं कमी होतात.

मुळात आपण रांगेत लागतोच का?

कधी गरज असते म्हणून. पण कधी रांग आहे म्हणूनच! मिलग्रॅम यांच्याच १९६९ च्या प्रयोगात न्यूयॉर्कच्या रस्त्यावर काही जण उभं राहून सहाव्या मजल्याच्या एका खिडकीकडे बघत होते. एकच माणूस वर बघत असताना ये-जा करणाऱ्यांपैकी ४% थांबले. पंधरा जण बघत होते तेव्हा ४०%. इतके लोक बघतायत म्हणजे काहीतरी असणार, असा हिशेब मन आपोआप करतं.

सेलिब्रिटींच्या बाबतीत हाच हिशेब चालतो. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १४ हजारांवर लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकवली. काहींना आधीच्यांनी किती डाउनलोड केलं ते दिसत होतं, काहींना नाही. आकडे दिसणारे लोक आठ वेगवेगळ्या गटांत होते, आणि प्रत्येक गटात हिट ठरणारी गाणी वेगळी निघाली. फार चांगलं गाणं सहसा पडत नव्हतं, फार वाईट वर जात नव्हतं. मधल्यांचं काय होईल ते मात्र सुरुवातीला कोण कुठे झुकलं यावर होतं. फॉलोअर्सचा आकडा म्हणजे अशीच एक दिसणारी रांग.

त्यात दुसरी गोष्ट मिसळते. १९५६ मध्ये हॉर्टन आणि वोल या अभ्यासकांनी टीव्हीवरच्या माणसाशी प्रेक्षकाचं जे एकतर्फी नातं जुळतं त्याला एक नाव दिलं. मराठीत त्याला आभासी जवळीक म्हणू. तो आपल्याला ओळखत नाही, पण आपल्याला तो घरातला वाटतो. टीव्हीवर हे आठवड्यातून एकदा व्हायचं, आता मोबाइलवर दिवसातून वीसदा होतं. जुहूला अमिताभ बच्चन यांच्या ‘जलसा’बाहेर रविवारी जमणारी गर्दी काही सेकंदांच्या दर्शनासाठी थांबते, त्याचं कारण हेच. घरातल्या माणसाला भेटायला थांबण्यात कसला आलाय कंटाळा!

ॲपमधली रांग कशी चालते?

या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की काय होतं ते २२ सप्टेंबर २०२४ ला दिसलं. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरच्या कोल्डप्लेच्या कार्यक्रमांची तिकीटविक्री दुपारी १२ ला बुकमायशोवर उघडली, आणि लोकांच्या मोबाइलवर रांगेतले क्रमांक लाखांत दिसू लागले. तिकिटं संपली, आणि पुनर्विक्रीच्या साइट्सवर ती कितीतरी पट किमतीला झळकली.

अशा व्यवस्थेला व्हर्च्युअल वेटिंग रूम म्हणतात. तिचं काम साधारण असं चालतं: तुम्ही आलात की ब्राउझरला एक टोकन मिळतं. विक्री सुरू होण्याआधी आलेल्यांना बऱ्याचदा चिठ्ठी काढल्यासारखे क्रमांक दिले जातात, नंतर येणारे त्यांच्या मागे लागतात. मग सर्व्हरला झेपेल तेवढेच लोक आत सोडले जातात. आत गेल्यावर सीट काही मिनिटांसाठी तुमच्या नावावर धरली जाते.

इंजिनिअर म्हणून यात चूक काढता येत नाही. रांग नसती तर सर्व्हरच कोसळला असता. अडचण दुसरीकडे आहे. बस स्टॉपवर कोण घुसलं ते दिसतं, इथे दिसत नाही. पुढचे लाख क्रमांक खऱ्या माणसांचे आहेत की एकाच दलालाच्या पन्नास खात्यांचे, हे मागच्याला कळायला मार्ग नाही. मिलग्रॅम यांच्या रांगेत मागचा माणूस राखणदार होता. ॲपनं त्याचे डोळे बांधले. म्हणून राखणीचं काम आता नियमांना आणि कोडला करावं लागतं. रेल्वेनं जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार पडताळणी लावली आणि पहिली ३० मिनिटं अधिकृत एजंटांना बंदी केली, ती यासाठीच.

फसवी रांग ओळखा

हे शास्त्र दोन्ही बाजूंना वापरता येतं. रायन ब्युएल आणि मायकल नॉर्टन यांनी २०११ मध्ये दाखवलं, की साइट आपल्यासाठी काय काय शोधतेय हे दिसत राहिलं तर लोक जास्त थांबतात आणि सेवेला जास्त मोल देतात. काम खरं चालू असेल तर ही माहिती झाली. नसेल तर नाटक झालं. “फक्त २ शिल्लक” किंवा उलटा धावणारा टायमर हेही तसंच. खोटी घाई हा प्रकार भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेल्या १३ डार्क पॅटर्न्सच्या यादीत आहे.

पुढच्या वेळी कुठल्याही रांगेत, खऱ्या किंवा ॲपमधल्या, हे चार प्रश्न विचारा:

१. माझ्यापुढे किती जण आहेत हे सांगितलंय का?
२. उशीर का होतोय याचं खरं कारण दिलंय का?
३. नियम सगळ्यांना सारखा आहे का, आणि वेगळी रांग असेल तर ती उघड आहे का?
४. टायमर संपल्यावर पान पुन्हा उघडलं तर तो परत पहिल्यापासून सुरू होतो का?

पहिल्या तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर थांबायला हरकत नाही, वेळ लागला तरी चालेल. चौथ्याचं ‘हो’ आलं, तर ती रांग नाही. तुम्हाला घाईत पैसे भरायला लावायची ती सोय आहे. सरळ बाहेर पडा.